मराठी कवितेतील महानगर

मराठी कवितेतील महानगर : निरनिराळ्या काळांतील व भिन्न प्रकृतींच्या मराठी कवींना एकत्र आणणारे एक प्रमुख आशयसूत्र. निसर्ग, प्रेम, भक्ती व मृत्यू ही आशयसूत्रे मराठी कवितेला परंपरेने लाभली. महानगराचे आशयसूत्र मात्र तिने प्रामुख्याने विसाव्या शतकात स्वतः घडविले. मराठी कवितेपुरते महानगर म्हणजे मुख्यत्वे मुंबई होय. पठ्ठे बापूराव, अण्णाभाऊ साठे, बा. सी. मर्ढेकर, विंदा करंदीकर, नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ व अरुण कोलटकर हे कवी परस्परांहून वृत्तीने, भाषेने व सामाजिक स्थानाने अत्यंत भिन्न आहेत. तथापि ह्या सर्वांच्या कवितेत एकच शहर पुनःपुन्हा अवतरते.

विषय आणि आशयसूत्र यांत भेद करणे येथे आवश्यक आहे. एखाद्या कवितेत शहराचा उल्लेख आला वा त्याचे वर्णन आले, म्हणजे शहर हा तिचा विषय झाला एवढेच म्हणता येईल. ज्याच्याभोवती कवीच्या प्रतिमा, त्याची भाषा आणि माणसाविषयीची त्याची समजूत यांची बांधणी होते आणि जे अनेक कवितांतून अंतर्धारेसारखे वाहत राहते, ते आशयसूत्र. ह्या दृष्टीने पाहता समान आशयसूत्राचा अभ्यास हा कवींमधील साम्यांची नोंद करण्यापुरता राहू शकत नाही. मुंबईच्या बाबतीत तर असे दिसते, की शहर कसे आहे यापेक्षा ते कोठून पाहिले जात आहे यावर त्याचा काव्यगत अर्थ ठरतो. गाव आठवत शहरात राहणारा, शहराला पोटासाठी शरण आलेला, गर्दीत स्वतःला हरवून बसलेला आणि शहरानेही वेशीबाहेर ठेवलेला अशा निरनिराळ्या माणसांच्या दृष्टींनी हे आशयसूत्र बनलेले आहे. ‘महानगरीय जाणीव’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रूढ आहे. परंतु ती एकवचनी वापरल्यास ह्या दृष्टींतील मूलभूत विरोध झाकला जातो.

पार्श्वभूमी : मुंबईचे आधुनिक स्वरूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. गिरण्या, गोदी व रेल्वे यांच्या कामासाठी कोकणातून आणि घाटावरून माणसांचा ओघ शहराकडे वळला. ह्या बदलांची दखल मराठी गद्याने लवकर घेतली. गोविंद नारायण माडगावकर यांचे मुंबईचे वर्णन हे पुस्तक १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शहराचे व्यापार, इमारती, लोक व चालीरीती यांचे कुतूहलपूर्ण चित्रण आहे. सुशिक्षितांच्या कवितेला मात्र शहर आपलेसे करण्यास त्यानंतर सु. ८० वर्षे लागली. ह्या विलंबाचे एक कारण असे, की शहराबरोबर आलेली माणसे आपली काव्यरूपेही बरोबर घेऊन आली होती आणि ही काव्यरूपे ग्रंथांत नव्हे, तर तमाशाच्या थिएटरांत, चाळींतील भजनी मंडळांत आणि पुढे कामगारांच्या सभांत जगत होती.

लावणी व शाहिरी : मुंबईला कवितेत प्रथम ठसठशीत स्थान मिळाले ते लावणीत. ‘पठ्ठे बापूराव’ ह्या नावाने ख्याती पावलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (जन्म १८६६) यांची मुंबईची लावणी प्रसिद्ध आहे. सातारा भागातील रेठरे हरणाक्ष येथून आलेल्या ह्या कवीने शहराचे वैभव, त्याची नवलाई आणि त्यातील चैनीचे बाजार गावाकडच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर उभे केले. येथे शहर हे एक आश्चर्य आहे. पाहणारा त्याच्या समोर उभा आहे, त्याच्या आत नाही.

अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांनी हाच प्रकार हाताळून मुंबईची लावणी पुन्हा रचली, तेव्हा पाहणाऱ्याची जागा बदलली. वाटेगावहून आपल्या कुटुंबासह पायी मुंबईला आलेल्या, गिरणीत व मिळेल त्या ठिकाणी मजुरी केलेल्या ह्या शाहिराला शहर एकसंध दिसत नाही. मलबार हिलवरची श्रीमंती आणि परळची राबणारी वस्ती यांना त्यांनी एकाच लावणीत समोरासमोर ठेवले. पठ्ठे बापूरावांच्या लावणीला दिलेले हे उत्तर, काव्यप्रकार तोच ठेवून दिले गेले, हे लक्षणीय आहे. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णाभाऊ साठे, अमर शेख (१९१६–६९) व द. ना. गवाणकर यांनी ही शाहिरी कामगार वस्त्यांत नेली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड विशेष गाजली. पोटासाठी मुंबईला आलेल्या कामगाराला गावी राहिलेल्या आपल्या पत्नीची आठवण येते, असा तिचा आरंभ आहे; अखेरीस हा वैयक्तिक विरह महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाच्या विरहाशी एकरूप होतो. स्थलांतराचे दुःख हे महानगराच्या आशयसूत्राचे एक मूलद्रव्य आहे आणि ते येथे शोकगीताच्या नव्हे, तर सामुदायिक गाण्याच्या रूपाने व्यक्त झाले आहे.

केशवसुत व स्वच्छंदतावादी कविता : आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत (१८६६–१९०५) हे पठ्ठे बापूरावांचे समवयस्क होत. केशवसुतांचेही काही वर्षे मुंबईत वास्तव्य होते. ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ ही त्यांची कविता श्रमिकाच्या दैन्याला मराठी भावकवितेत प्रथमच स्थान देते. तथापि शहर स्वतः त्यांच्या कवितेचे केंद्र झाले नाही. ‘नैऋत्येकडील वारा’ ह्या कवितेत वाऱ्याच्या स्पर्शाने कोकणातील जन्मभूमी मनात जागी होते. ज्या जागी कवी उभा आहे ती जागा तेथे केवळ दुरावा म्हणून जाणवते. ‘गाव म्हणजे मूळ, शहर म्हणजे परके स्थान’ हा द्वंद्वभाव पुढील स्वच्छंदतावादी कवितेने दृढ केला. बालकवींच्या (१८९०–१९१८) निसर्गकवितेत शहराला प्रवेशच नाही. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी खेड्याची रमणीय चित्रे लोकप्रिय केली. ह्या कवितेची गुणवत्ता वादातीत आहे; परंतु ज्याला गावात घर, शेत व मान आहे, त्याच्याच स्मृतीतले हे गाव आहे, ही गोष्ट त्या काळी समीक्षेच्या लक्षात आली नाही. पुढील कवितेने ती उघड केली.

मर्ढेकर : बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांच्या काही कविता (१९४७) व आणखी काही कविता (१९५१) ह्या संग्रहांनी महानगर मराठी कवितेच्या केंद्रस्थानी आणले. त्यांचा शिशिरागम (१९३९) हा पहिला संग्रह अद्याप पूर्वीच्या भावकवितेच्या वळणाचा होता. मधल्या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले होते. यंत्र, गर्दी, भोंगा, विजेचे दिवे, कारकुनाचा दिनक्रम यांतून मर्ढेकरांनी माणसाच्या यांत्रिकीकरणाचे जे चित्र उभे केले, ते मराठीत अभूतपूर्व होते. ओल्या पिंपात मरून पडलेल्या उंदरांची त्यांची प्रतिमा तर एका संपूर्ण कालखंडाची खूण ठरली. तिने प्रारंभी वाचकांना बिथरविले. काही कविता ह्या संग्रहावर १९४८ मध्ये अश्लीलतेचा खटलाही भरण्यात आला. त्यातून कवी निर्दोष सुटला.

मर्ढेकरांवरील टी. एस्. एलियट यांच्या प्रभावाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आधुनिक युरोपीय कवितेत बोदलेअर यांच्या पॅरिसविषयक कवितांपासून एलियट यांच्या द वेस्ट लँड (१९२२) पर्यंत महानगर हे आत्मिक उजाडपणाचे प्रतीक बनले होते आणि इंग्लंडमध्ये काही वर्षे राहिलेल्या मर्ढेकरांना ही परंपरा परिचित होती. तथापि त्यांच्या कवितेचे सामर्थ्य ह्या प्रभावाने उलगडत नाही. यंत्रयुगाचे वर्णन करण्यासाठी त्यांनी ओवी व अभंग ही संतांची रूपे निवडली. भक्ताने देवाशी बोलावे त्या स्वरात यंत्राने वेढलेला माणूस बोलू लागला, की त्या स्वराची पोकळी आणि त्याची आर्तता ही दोन्ही एकदमच ऐकू येतात. उपरोध आणि प्रार्थना यांची ही गुंफण उसनी घेता येण्यासारखी नव्हती. गिरणगावच्या चाळींत ज्या शहरात रोज रात्री अभंग गायिले जात होते, त्याच शहरात ती शक्य होती.

मर्ढेकरांच्या कवितेतील मुंबई सर्वस्वी भेसूर आहे, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. त्यांच्या एका सुपरिचित कवितेत माघातील पहाटे मुंबईचे बंदर उजळत जाते, त्याला सुस्नात गर्भवतीच्या कांतीची उपमा दिली आहे. ह्या शहराविषयी असा वत्सल भाव मराठी कवितेत त्यापूर्वी क्वचितच व्यक्त झाला असेल. मेलेले उंदीर आणि उजळणारे बंदर ही एकाच कवीने पाहिलेली एकाच शहराची दोन दर्शने आहेत. त्यांतील पहिल्यालाच प्रातिनिधिक मानल्यामुळे पुढील दोन-तीन दशके ‘महानगर म्हणजे अमानुषता’ हे समीकरण मराठी समीक्षेत बद्धमूल झाले.

करंदीकर व लघुनियतकालिके : विंदा करंदीकर (१९१८–२०१०) यांच्या स्वेदगंगा (१९४९) ह्या संग्रहाच्या नावातच श्रमाचा गौरव आहे. कोकणात जन्मलेल्या आणि मुंबईत अध्यापन केलेल्या करंदीकरांनी मध्यमवर्गीयांच्या साचेबंद जीवनाची पुनरावृत्ती शब्दांच्याच पुनरावृत्तीतून जाणवून दिली. परंतु त्यांची दृष्टी निराशेवर स्थिरावली नाही. शहरातील माणूस बदलू शकतो, हा विश्वास त्यांच्या कवितेत टिकून आहे. पुढे १९५० च्या दशकात शब्द ह्या लघुनियतकालिकाभोवती दिलीप चित्रे (१९३८–२००९), अरुण कोलटकर इ. तरुण कवी एकत्र आले. प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेबाहेर, सायक्लोस्टाइल केलेल्या व अल्प खपाच्या अंकांतून चाललेली ही चळवळ स्वतःच महानगराची निर्मिती होती. उपाहारगृहे, जुन्या पुस्तकांचे रस्त्यावरील विक्रेते आणि नाना भाषांतील मित्र यांच्यामुळे मराठी कवितेचे जागतिक कवितेशी थेट संबंध जुळले.

नारायण सुर्वे : ऐसा गा मी ब्रह्म (१९६२), माझे विद्यापीठ (१९६६) व जाहीरनामा (१९७५) ह्या संग्रहांतून नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांनी मुंबईच्या आशयसूत्राला नवे वळण दिले. अनाथ अवस्थेत गंगाराम सुर्वे ह्या गिरणी कामगाराने आश्रय दिलेल्या आणि गिरणीतील मजुरी, शाळेतील शिपाईगिरी अशा मार्गाने शिक्षक झालेल्या ह्या कवीला परतून जाण्यासाठी दुसरे गावच नव्हते. त्यामुळे शहर व गाव हा द्वंद्वभाव त्याच्या कवितेत निरर्थक ठरतो. रस्ता हेच घर आणि तेच विद्यापीठ, ही त्याची भूमिका आत्मकरुणेची नाही. ती अधिकाराची आहे. ज्या माणसांनी शहर उभारले, त्यांच्या वतीने हा कवी शहरावर हक्क सांगतो. पहिल्या संग्रहाच्या नावात संतवाणीचा व वेदान्ताचा सूर घेऊन कामगार स्वतःला ब्रह्म म्हणवितो. मर्ढेकरांनी संतांची रूपे माणसाच्या क्षुद्रतेचे दुःख मांडण्यास वापरली, तर सुर्व्यांनी तोच वारसा माणसाच्या मोठेपणाची घोषणा करण्यास वापरला.

सुर्व्यांच्या कवितेतील शहर हे नावागावांच्या माणसांचे आहे. मुलाला शाळेत घालण्यास आलेली आणि बापाचे नाव सांगू न शकणारी वेश्या, शिगा विकणारा मुसलमान वृद्ध, रात्री भित्तिपत्रके चिकटविणारे कार्यकर्ते हे सर्व आपापल्या बोलीत बोलतात. येथे गर्दी ही चेहरा नसलेली वस्तू राहत नाही. सुर्व्यांच्या सर्वच कवितांची गुणवत्ता सारखी नाही. जेथे घोषणा अनुभवाला मागे टाकते, तेथे रचना सैल होते. जेथे एखादे पात्र प्रत्यक्ष बोलू लागते, तेथे ती मराठीतील उत्कृष्ट नाट्यात्म कवितांच्या पंक्तीस बसते.

नामदेव ढसाळ व दलित कविता : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भारतीय खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. अस्पृश्यतेचा भार वाहिलेल्या माणसाला गाव हे हरवलेले नंदनवन वाटणे शक्य नव्हते. शहर हे त्याला निदान अनामिकतेचे आणि रोख मजुरीचे स्थान होते. दया पवार यांच्या कोंडवाडा (१९७४) ह्या संग्रहात आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बलुतं ह्या त्यांच्या आत्मकथनात ही सुटका किती अपुरी होती, याचे दर्शन घडते. गाव सोडल्यानेही जात सुटत नाही. चाळीच्या व वस्तीच्या रचनेत ती नव्याने उभी राहते.

ह्या जाणिवेचे सर्वांत स्फोटक रूप नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांच्या गोलपिठा (१९७२) ह्या संग्रहात आढळते. त्याच वर्षी मुंबईत ‘दलित पँथर’ ही संघटना स्थापन झाली. ढसाळ तिच्या संस्थापकांपैकी एक होते. पुणे जिल्ह्यातून बालपणी मुंबईत आलेले आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढलेले ढसाळ काही काळ टॅक्सीचालक होते. वेश्यावस्ती, हातभट्टी, मटका, उपासमार आणि हिंसा यांनी भरलेल्या ह्या भागाची भाषा त्यांनी कवितेत जशीच्या तशी आणली. संग्रहास विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. मराठी मध्यमवर्गीय वाचकाला आपल्याच शहरात बोलल्या जाणाऱ्या शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले, ही घटना वाङ्मयीन इतक्याच सामाजिक महत्त्वाची आहे. शहराच्या दोन भागांत किती अंतर होते, ते ह्या शब्दांनी मोजून दाखविले.

ढसाळांची कविता केवळ ओंगळाचे चित्रण नाही. शिव्या, संस्कृतप्रचुर समास, तमाशातील लय, वृत्तपत्री भाषा व संतवाणी यांचे तिच्यात विलक्षण मिश्रण आहे. तिचा क्रोध वस्तीतील माणसांवर नसून त्यांना तेथे ठेवणाऱ्या व्यवस्थेवर आहे. म्हणून हे शहर जाळावे असे वाटणाऱ्या ह्याच कवीच्या कवितेत शहर प्रेयसीसारखेही संबोधिले जाते. ‘महानगर म्हणजे अमानुषता’ ह्या समीकरणाला ढसाळांनी दिलेले उत्तर असे, की अमानुषता शहराच्या अंगी नसून तिचे वाटप विषम आहे. मर्ढेकरांच्या कवितेत सर्वच माणसे यंत्रात सापडलेली आहेत. ढसाळांच्या कवितेत कोण कोणाला चिरडतो, हे स्पष्ट दिसते.

अरुण कोलटकर : कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईत जाहिरातकलेच्या व्यवसायात वावरलेल्या अरुण कोलटकर (मृ. २००४) यांनी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काव्यलेखन केले. अरुण कोलटकरच्या कविता (१९७७) ह्या संग्रहात मुंबईने भिकेला लावलेल्या भटक्याची कविता आहे, तशाच गुंडांच्या व नोकरांच्या तोंडच्या बंबई हिंदीतील रचनाही आहेत. शहरात जी मिश्र बोली प्रत्यक्ष बोलली जाते, ती कवितेचे माध्यम होऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केले. चिरीमिरी (२००३) मध्ये पंढरीची वारी, तमासगीर जग व शहरी धूर्तपणा एकमेकांत मिसळतात आणि संतकवितेशी असलेले नाते विनोदाच्या अंगाने पुढे चालते.

काळा घोडा पोएम्स (२००४) हा त्यांचा संग्रह इंग्रजीत असला, तरी महानगराच्या आशयसूत्राचा विचार त्याच्याशिवाय अपुरा राहील. काळा घोडा ह्या चौकाला नाव देणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. नाव मात्र टिकून राहिले. कोलटकर अनेक वर्षे त्या चौकातील एका उपाहारगृहाच्या खिडकीशी बसत. त्या खिडकीतून दिसणारी रस्ता झाडणारी स्त्री, भल्या पहाटे पहुडलेला गावठी कुत्रा, सकाळी इडल्या घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारे भुकेले लोक हेच ह्या कवितांचे नायक होत. येथे पाहणारा पुन्हा शहराबाहेरचा प्रेक्षक झाला आहे काय, असा आक्षेप घेता येईल. परंतु पठ्ठे बापूरावांच्या प्रेक्षकाला शहराची नवलाई हवी होती, तर कोलटकरांचा प्रेक्षक जे कोणाच्याच नजरेस पडत नाही तेथे नजर स्थिर करतो. करुणा व्यक्त न करता केवळ लक्ष देणे, हीच ह्या कवितेची नीती आहे. ज्यांना शहराने कचऱ्याच्या पातळीवर ठेवले, त्यांच्या दिनक्रमाला ती महाकाव्याची ऐसपैस मांडणी देते. अर्थात खिडकीची काच ह्या कवितेला ओलांडता येत नाही. ढसाळांचा ‘मी’ ज्या वस्तीत राहतो, तिच्याविषयी कोलटकरांची कविता बाहेरूनच बोलते आणि तसे नसल्याचा आवही ती आणत नाही.

स्त्रीची दृष्टी : वर उल्लेखिलेले बहुतेक सर्व कवी पुरुष आहेत आणि त्यांच्या कवितेत स्त्री ही प्रायः शहराची प्रतिमा म्हणून येते : गर्भवती, वेश्या, प्रेयसी, गावी राहिलेली पत्नी. शहरात वावरणाऱ्या स्त्रीचा स्वतःचा आवाज ह्या आशयसूत्रात उशिरा उमटला. अमर शेख यांच्या कन्या मलिका अमर शेख (जन्म १९५७) यांच्या वाळूचा प्रियकर (१९७९) व पुढील महानगर ह्या संग्रहांत तो ठळकपणे ऐकू येतो. शाहिरीच्या आणि चळवळीच्या घरात वाढलेल्या ह्या कवयित्रीला क्रांतीची भाषा परिचित आहे. तरीही घराच्या चार भिंतींत ती भाषा स्त्रीपुरती थांबते, हा अनुभव तिच्या लेखनात निःसंकोचपणे आला आहे. पुरुष कवींच्या रस्त्याला पर्याय म्हणून घर उभे असते. ज्या स्त्रीला घर व रस्ता ही दोन्ही असुरक्षित आहेत, तिच्या कवितेत शहर आणखी एकदा बदलते.

समान घटक : ह्या कवींच्या कवितेत काही उपसूत्रे सातत्याने आढळतात. पहिले भुकेचे. केशवसुतांच्या मजुरापासून कोलटकरांच्या इडलीवालीपर्यंत भूक हा शहराचा पाया आहे. दुसरे नावाचे. शहर माणसाचे नाव पुसून टाकते की त्याला नवे नाव मिळविण्याची संधी देते, हा प्रश्न मर्ढेकरांच्या चेहरा हरवलेल्या गर्दीत आणि सुर्व्यांच्या नाव घालण्यास आलेल्या आईत भिन्न रीतींनी उपस्थित होतो. तिसरे भाषेचे. शहरी कवितेतील प्रत्येक नव्या टप्प्यावर कवितेत पूर्वी निषिद्ध असलेले शब्द आत आले; इंग्रजी शब्द, यंत्रांची नावे, कामगारांची बोली, वेश्यावस्तीचे शब्द आणि बंबई हिंदी ह्या क्रमाने कवितेच्या भाषेची सीमा रुंदावत गेली. चौथे व कदाचित सर्वांत लक्षणीय उपसूत्र परंपरेचे. मुंबईविषयी लिहिताना हे कवी लावणी, छक्कड, ओवी व अभंग यांकडे वळतात. नव्या शहराने जुनी काव्यरूपे मोडीत काढली नाहीत. उलट त्यांना नवे काम दिले. आधुनिकता म्हणजे परंपरेशी विच्छेद, हे सूत्र मराठी कवितेला लावताना ह्या वस्तुस्थितीचा विचार करावा लागतो.

उत्तरकाळ : दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सु. अडीच लाख कामगार सामील झाले. त्यानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर व्यापारी संकुले व उंच इमारती उभ्या राहिल्या. ज्या श्रमिक संस्कृतीने लावणीपासून सुर्व्यांपर्यंतच्या कवितेला आधार दिला, तिचे भौगोलिक अधिष्ठानच त्यामुळे नाहीसे झाले. १९९० नंतरच्या आर्थिक उदारीकरणाच्या काळात हेमंत दिवटे, वर्जेश सोलंकी व मन्या जोशी यांसारख्या कवींनी उपभोग्य वस्तू, दूरचित्रवाणी आणि उपनगरी सदनिका यांचे जग कवितेत आणले. त्यांच्या कवितेत शोषणाचे दृश्य स्थान हरवले आहे. गिरणीचा भोंगा ऐकू येत होता. बाजाराची हाक माणसाला स्वतःच्याच इच्छेसारखी वाटते. ह्या बदललेल्या शहराला पुरेशी काव्यभाषा सापडली आहे काय, याचा निर्णय एवढ्यात करता येत नाही.

मूल्यमापन : मराठी समीक्षेने दीर्घकाळ महानगराच्या कवितेचा प्रारंभ मर्ढेकरांपासून मानला आणि त्यांच्या कवितेतील यांत्रिक जीवनाचे भय हीच ह्या आशयसूत्राची कसोटी ठरविली. ह्या मांडणीमुळे दोन गोष्टी दुर्लक्षित राहिल्या. लावणी व शाहिरीतील मुंबई वाङ्मयेतिहासाच्या मुख्य प्रवाहाबाहेर ‘लोकसाहित्य’ म्हणून ठेवली गेली. आणि सुर्वे व ढसाळ यांची कविता ‘कामगार कविता’ व ‘दलित कविता’ अशा स्वतंत्र कप्प्यांत वाचली गेली. परिणामी हे कवी परस्परांना उत्तर देत होते, ही गोष्ट दृष्टिआड झाली. वास्तविक अण्णाभाऊंनी पठ्ठे बापूरावांना काव्यातून उत्तर दिले. सुर्व्यांची व ढसाळांची कविता मर्ढेकरांपुढे ठेवली असता तीही अशाच उत्तरासारखी वाचता येते. महानगराचे आशयसूत्र हे एका पिढीच्या वैफल्याचे प्रतीक नसून शहर कोणाचे, ह्या प्रश्नावर शतकभर चाललेला एक काव्यगत वाद आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

त्या वादात कोणत्याही एका कवीचे शहर दुसऱ्याच्या शहराला खोटे ठरवीत नाही. मर्ढेकरांचे उजळणारे बंदर, सुर्व्यांचा रस्ता, ढसाळांचा गोलपिठा आणि कोलटकरांचा चौक ही एकाच नकाशावरील ठिकाणे आहेत आणि त्यांतील अंतर पायी चालून जाण्याजोगे आहे. माणसामाणसांतील अंतर मात्र तितके सहज कापता आले नाही. ते दृश्यमान करणे, हे मराठी कवितेतील ह्या आशयसूत्राचे प्रमुख कार्य होय. काळा घोडा चौकात २०१७ मध्ये पुन्हा एक घोड्याचा पुतळा बसविण्यात आला; त्याच्या पाठीवर स्वार नाही. ते शहर आता कोणाचे, हा प्रश्न त्या रिकाम्या खोगिराइतकाच उघडा असून मराठी कवितेपुढे तो अजूनही उभा आहे.